‘विश्वास कमी पडला’ म्हणणाऱ्यांना उत्तर

दाजी गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी एक बंधू आमच्याकडे भेटायला आले. ओळखीचेच होते. दाजींच्या आजारपणात दोनदा येऊन प्रार्थना करून गेले होते. येताना केळी आणली, गाणं म्हटलं, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद मागितला. मग चपला घालता घालता माझ्या धाकट्या बहिणीला म्हणाले, “ताई, प्रभू बरं करणारच होता. कुठंतरी आपला विश्वास कमी पडला.”

ते वाईट मनाने बोलले नाहीत. त्यांना तसंच शिकवलं गेलंय आणि ते मनापासून ते मानतात. म्हणून त्यांचं नाव इथे घेत नाही. त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण त्या वाक्याशी आहे. हे वाक्य मी त्यानंतर प्रार्थना सभांत ऐकलं, उपवास प्रार्थनेच्या रात्री ऐकलं, मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत वाचलं. आपल्या मंडळ्यांमध्ये ते इतकं रुळलंय की कुणी दचकतसुद्धा नाही.

त्या वाक्याने काय केलं ते आधी सांगतो. बहिणीचा रात्री साडेअकराला फोन यायचा. “दादा, बायोप्सीचा रिपोर्ट आला त्या रात्री मी फार रडले होते. तेव्हा का?” चार दिवसांनी पुन्हा. “दुसऱ्या केमोच्या वेळी मी बँकेत जाऊन नॉमिनीचं नाव बघून आले होते. म्हणजे मी तेव्हाच हार मानली होती का रे?” दाजींना स्वादुपिंडाचा कर्करोग होता आणि कळला तेव्हा तो यकृतापर्यंत पोचला होता. हे तिला डॉक्टरांनी समजावलं होतं, तिला ते समजलंही होतं. तरी सात महिने ती आपल्या मनाचे कोपरे झाडत बसली होती, नवऱ्याचा जीव घेणारी शंका नेमकी कुठल्या दिवशी आली ते शोधत. ज्या देवाकडे तिने रडत जायचं, त्याच देवाने तिला नापास केलं असं तिला वाटू लागलं होतं. रविवारी उपासनेला ती शेवटच्या बाकावर बसायची आणि प्रभुभोजनाच्या वेळी उठायची नाही.

आता त्या बंधूंचं म्हणणं त्यांच्या बाजूने, जमेल तितक्या नीट मांडतो. ते म्हणतात, येशूने लोकांना बरं करताना वारंवार सांगितलं की तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं. नासरेथमध्ये लोकांचा विश्वास नव्हता म्हणून तिथे फारशी अद्भुतं घडली नाहीत. मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास असेल तर डोंगर हलतो. याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात लिहितो की आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, आणि विश्वासाची प्रार्थना त्याला वाचवील. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात तर ख्रिस्ताच्या जखमांनी आपण बरे झालो असं आधीच लिहून ठेवलंय. मग एवढं सगळं असताना माणूस बरा झाला नाही तर खोट कुणाची? देवाची तर नाहीच. म्हणजे उरला माणूस.

हिशोब वरवर बिनचूक दिसतो. पण शुभवर्तमानं उघडून एकेक प्रसंग पाहिला की तो जुळत नाही.

नाईन गावच्या वेशीवर त्या विधवेने येशूकडे काही मागितलंसुद्धा नव्हतं. तिचा एकुलता एक मुलगा तिरडीवर होता. प्रभूला तिचा कळवळा आला आणि त्याने तिरडीला हात लावला. विश्वास कुणाचा मोजला तिथे? बेथेस्दाच्या तळ्याकाठचा माणूस अडतीस वर्षं पडून होता. तो बरा झाला तेव्हा आपल्याला बरं करणारा कोण हेही त्याला ठाऊक नव्हतं, योहान स्पष्ट लिहितो. छपरातून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाच्या बाबतीत येशूने पाहिला तो त्याला उचलून आणणाऱ्यांचा विश्वास. आणि मल्ख? महायाजकाचा हा नोकर येशूला धरायला आलेल्या टोळीत होता. पेत्राने तलवारीने त्याचा कान उडवला आणि प्रभूने अटक होत असताना, हात बांधले जायच्या आधी, तो कान बरा केला. शत्रूचा कान! त्याच्या विश्वासाची पातळी काय असेल, ते त्या बंधूंनी मला सांगावं.

नासरेथचंही तसंच. तिथल्या लोकांनी त्याला नाकारलं. हा तर आपल्या गल्लीतला सुतार, असं म्हणून ते अडखळले. शंकेने थरथरणारी एक बाई त्याच्या पायाशी आली आणि त्याने तिला परत पाठवलं, असं तिथे कुठे लिहिलंय? उलट भूतग्रस्त मुलाचा बाप जेव्हा एकाच श्वासात आपला विश्वासही कबूल करतो आणि अविश्वासही, तेव्हा प्रभू त्याचा मुलगा बरा करून त्याच्या हाती देतो. त्या बापाची रडत केलेली ती प्रार्थना बहिणीच्या बायोप्सीच्या रात्रीसारखीच होती.

याकोबाचं वचन मी मुद्दाम वेगळं घेतो, कारण तेच सर्वांत जास्त वापरलं जातं आणि सर्वांत उलटं वापरलं जातं. तिथे विश्वासाची प्रार्थना कुणी करायची आहे? वडिलांनी. आजाऱ्याचं काम एवढंच की त्याने निरोप पाठवावा. तो तापाने फणफणलेला आहे, त्याला उठता येत नाही, म्हणून तर दुसऱ्यांनी येऊन त्याच्यासाठी प्रार्थना करायची. तेव्हा या वचनावरून कुणाच्या विश्वासाचा जाब विचारायचाच असेल, तर तो खाटेवरच्या माणसाला किंवा त्याच्या बायकोला विचारता येत नाही. तो तेलाची बाटली घेऊन आलेल्यांना विचारावा लागेल. मी तो विचारत नाही. पण ज्यांनी प्रार्थना केली त्यांनी घराबाहेर पडताना सगळं ओझं विधवेच्या डोक्यावर ठेवून जावं, हे याकोबाच्या पत्रात बसत नाही. आणि तेल म्हणाल तर त्या काळात ते औषधही होतं. शोमरोनी माणसाने रस्त्यात पडलेल्याच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारसच ओतला होता.

यशयाच्या त्या अध्यायाचं म्हणाल, तर मत्तय त्यातलं वचन आजार बरे करण्याशी जोडतो, हे मी नाकारत नाही. ख्रिस्त आपले रोगही वाहतो हे मी मानतो. पण त्याने बरे केलेले सगळे पुढे मेलेच. लाजर कबरेतून बाहेर आला, त्यालाही पुन्हा एकदा मरावं लागलं असणार. डोळ्यांतलं सगळं पाणी पुसलं जाण्याचं वचन पवित्र शास्त्राच्या अगदी शेवटी आहे, मरण नाहीसं होईल त्या दिवसाबद्दलचं. ते आज, या वॉर्डात, या खाटेवर वसूल करून दाखवा असं जो सांगतो, तो देवाच्या वतीने असा शब्द देतो जो देवाने दिलेला नाही.

पौलाकडे या. एखाद्याचा विश्वास कमी पडला असं म्हणायचं झालं तर तो नक्कीच पौल नव्हे. त्याने आपल्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली आणि काटा राहिला. त्याचा सोबती त्रफिम आजारी पडला, तर पौल त्याला मिलेतात तसाच आजारी सोडून पुढे गेला. तीमथ्याचं पोट सारखं बिघडायचं. पौलाने त्याला विश्वास वाढव असं कळवलं नाही, थोडा द्राक्षारस घे असं सांगितलं. एपफ्रदीत मरणाच्या दारातून परतला तेव्हा पौल मोकळेपणाने कबूल करतो की हा गेला असता तर माझ्या दुःखावर दुःख झालं असतं. आणि त्याच्या प्रवासात बरोबर कोण? लूक. धंद्याने वैद्य.

म्हणून ‘विश्वास असेल तर औषध कशाला’ हे दुसरं वाक्य मला पहिल्याइतकंच खोटं वाटतं. दोन्ही एकाच झाडाला लागतात. हिज्कीया राजाला देवाने पंधरा वर्षं वाढवून दिली, आणि त्याच वेळी त्याच्या गळवावर अंजिराची ढेप बांधायला यशयाने सांगितलं. वचनही आलं आणि लेपही आला. आपल्याकडे एक म्हण आहे, असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी. आळशाला चपराक म्हणून ती आपण वापरतो. हरीच्या जागी प्रभू घातला म्हणून ती श्रद्धेचं सूत्र होत नाही. आणि सैतानाने येशूला मंदिराच्या शिखरावर नेलं तेव्हा नेमकं हेच सुचवलं होतं. स्तोत्रसंहितेतलं वचन तोंडावर फेकून तो म्हणाला, उडी मार, देवदूत झेलतील. प्रभूने उडी मारली नाही. विश्वास सिद्ध करून दाखवायला गोळ्या बंद करणं ही तीच उडी आहे.

आमची आत्याबाई श्रीरामपूरच्या बाजूला मळ्यात राहायची. तिला तीस वर्षं मधुमेह, त्यातली शेवटची चौदा वर्षं इन्सुलिनवर. घरात फ्रीज होता, पण लाइटचा भरवसा नाही, म्हणून बाटली प्लॅस्टिकच्या डबीत घालून माठाला टेकवून ओल्या फडक्यात ठेवायची. सकाळी सातला माठाशी बसायची. डबी काढायची, बाटली दोन तळव्यांत धरून हलकेच फिरवायची, आणि ती फिरवता फिरवता डोळे मिटून प्रार्थना करायची. त्या अर्ध्या मिनिटात घरातले सगळे, शेजारच्या पारूबाईची गाय, माझी परीक्षा, पाऊस, सगळं यायचं. मग सुई. मग चहा, बिनसाखरेचा. एका सभेत एका पाहुण्या उपदेशकांनी तिला साक्ष म्हणून इन्सुलिन सोडायला सांगितलं होतं. तिने त्यांना एवढंच विचारलं, “हे ज्याला सुचलं त्याला डोकं कुणी दिलं होतं?” आणि दुसऱ्या दिवशी सातला ती माठाशी बसली.

मला विश्वासात वाढणं म्हणजे काय हे कुणी विचारलं तर माझ्या डोळ्यांपुढे तो माठ येतो. 1922 च्या जानेवारीत टोरांटोमध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी अशी मुलं उपासमारीच्या पथ्यावर हाडांचा सापळा होऊन मरत. त्या मुलांच्या आयांनी प्रार्थना केल्या नसतील? त्यांचा विश्वास कमी पडत होता आणि 1922 नंतरच्या आयांचा अचानक वाढला, असं म्हणायची हिंमत कुणाला आहे?

मराठी ख्रिस्ती माणसाला तर हे बाहेरून शिकायची गरज नाही. मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली रुग्णालय उभं केलं ते देवावर भरवसा ठेवूनच. त्या भरवशाने त्यांच्या हातात चाकू दिला, टाके दिले. आपल्या आज्या-पणज्या मिशनच्या दवाखान्यांत परिचारिका झाल्या, सुईणी झाल्या. त्यांनी पलंगाशी प्रार्थनाही केली आणि ताप मोजून तक्त्यावर लिहिलाही. त्यांच्या नातवंडांना आज कुणी सांगतं की डॉक्टरकडे जाणं हा अविश्वास. हे ऐकताना मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपण फार देतो, पण अर्धंच देतो. मुक्ती मिशनमधलं 1905 चं संजीवन, रात्र रात्र चाललेल्या प्रार्थना, हे सभांमधून सांगितलं जातं. दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली केडगावला घेऊन आल्या, 1900 च्या सुमारास तिथे दीड हजारांच्या आसपास माणसं होती, आणि या सगळ्यांच्या भाकरीसाठी त्या देवाकडेच बघत होत्या. खरं आहे. पण त्याच केडगावात विहिरी खणल्या गेल्या, माग चालले, तेलाचा घाणा चालला, गाई पाळल्या, छापखाना उभा राहिला. मुलींच्या हातात खिळे जुळवण्याचं काम आलं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं आणि ते तिथल्याच बायकांनी छापलं. प्रार्थनेचा तास आणि विहिरीवरचा तास यांत त्यांनी भिंत घातली नाही.

आणि जे सभांत सहसा सांगितलं जात नाही ते हे: रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली. मुक्तीचं सगळं काम जिच्या हाती द्यायचं, तीच. रमाबाई तेव्हा थकलेल्या होत्या, कानांनी फारसं ऐकू येत नव्हतं. मुलीमागे वर्षभरसुद्धा त्या राहिल्या नाहीत. 5 एप्रिल 1922 ला त्यांनीही डोळे मिटले. त्या मधल्या महिन्यांत एखाद्या बंधूने केडगावला जाऊन त्यांना म्हणावं, बाई, कुठंतरी विश्वास कमी पडला? जे वाक्य रमाबाईंसमोर उच्चारायला जीभ धजणार नाही, ते माझ्या बहिणीसमोर कसं उच्चारता येतं? ती नगरच्या एका शाळेत शिपाई आहे म्हणून?

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा अकरावा अध्याय विश्वासवीरांची यादी म्हणून आपण लहानपणी शब्बाथशाळेत पाठ करतो. त्या यादीच्या शेवटाकडे काय आहे ते पुन्हा वाचावं. काही जण विश्वासाने तलवारीच्या धारेतून वाचले. काही जण तलवारीने मारले गेले. दोघंही एकाच यादीत, आणि दोघांनाही एकच शाबासकी. लेखक वाचलेल्यांना पहिला वर्ग आणि मेलेल्यांना दुसरा वर्ग देत नाही. दाजींचं नाव मी त्याच यादीत धरतो. शेवटच्या आठवड्यात त्यांच्या तोंडात पाणीही टिकत नव्हतं, तेव्हा ते मुलाला म्हणाले की समोरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला कुणी भेटायला येत नाही, त्याच्याजवळ जरा जाऊन बस. त्यांचा विश्वास कमी होता म्हणणाऱ्याने तो मोजायला कुठली फूटपट्टी वापरली, मला ठाऊक नाही.

मी प्रार्थनेने बरं होण्याच्या विरोधात लिहितोय असं कुणी समजू नये. दाजींसाठी आम्ही बरं होणंच मागितलं. शेवटच्या रात्रीपर्यंत तेच मागितलं. आजही कुणी आजारी पडलं की मी तेच मागतो आणि माणसं उठून बसलेलीही मी पाहिली आहेत. देवाला काय जमतं याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती देवाशी सौदा मांडण्याबद्दल: एवढा विश्वास टाका, एवढं आरोग्य काढा. बऱ्याच ठिकाणी याच सौद्यात पुढे विश्वासाचं बी म्हणून पैशाचं पाकीटही येतं, आणि ते सर्वांत आधी देतात ती सर्वांत घाबरलेली घरं. त्याबद्दल एवढं पुरे.

रोजच्या जगण्यात विश्वास कसा वाढतो, हे येशूने शेतकऱ्याच्या गोष्टीत सांगितलं. तो बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, आणि बी उगवतं, कसं ते त्यालाही कळत नाही. आमच्याकडे मृगात बाजरी पेरतात. पेरल्यावर रोज माती उकरून मोड आला का बघत बसणाऱ्याचं पीक येत नाही. आणि पाऊस पडला नाही तर तुझ्या मनात खोट होती असं त्याला म्हणणारा माणूस गावात टिकत नाही. माझ्या बहिणीला सात महिने रोज माती उकरायला लावली गेली.

स्तोत्रसंहितेत अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र आहे. ते अंधारातच संपतं. शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही. तरी ते देवाच्याच पुस्तकात आहे, कारण ते देवालाच उद्देशून म्हटलंय. बहिणीला मी ते वाचायला दिलं. माझ्याकडे तिला देण्यासारखं दुसरं काही नव्हतं. तिने ते बरेच दिवस वाचलं. एकदा म्हणाली, “असं बोललेलं चालतं त्याला?” चालतं, म्हटलं. गेथशेमानेत त्याचा स्वतःचा पुत्र घाम गाळत, प्याला टळू दे म्हणाला. प्याला टळला नाही. त्याचाही विश्वास कमी पडला होता का?

ईयोबाचे तीन मित्र आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तेवढं त्यांनी बरोबर केलं. मग त्यांनी तोंड उघडलं आणि दुःखाचं कारण ईयोबात शोधू लागले. पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग ओरडून भांडणाऱ्या ईयोबावर नाही. देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या या मित्रांवर आहे. त्यांच्यासाठी ईयोबाला प्रार्थना करावी लागली. एलीया रानात झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुजा उशाशी ठेवला, खायला सांगितलं, आणि पुन्हा झोपू दिलं.

मागच्या महिन्यात बहिणीच्या शाळेतल्या एका बाईंचे यजमान त्याच वॉर्डात दाखल झाले जिथे दाजी होते. ती तिथे पुन्हा पाऊल टाकेल असं मला वाटलं नव्हतं. शाळा सुटल्यावर ती तीन पुडांचा डबा घेऊन गेली. मीही बरोबर होतो. बाई जिन्यात बसल्या होत्या. हातात रिपोर्टची पिशवी, डोळे सुजलेले. आम्हाला बघून उठल्या आणि बहिणीचा हात धरून म्हणाल्या, “ताई, काल कुणीतरी म्हणालं माझा विश्वास कमी पडतोय म्हणून. खरं असेल का?”

बहीण त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. डब्याचं झाकण काढलं. मेथीची भाजी होती, दोन भाकरी होत्या.

“सकाळपासून काही खाल्लंयत का?” ती म्हणाली. “आधी जेवा.”